हाडातला मोठा खड्डा भरताना मूलपेशी पेरायच्याच कशाला?

सच्छिद्र
स्पष्टच लिहितो. हाडात सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी पोकळी असेल, तर शरीराबाहेर वाढवलेल्या मूलपेशी (स्टेम सेल) स्कॅफोल्डमध्ये (पेशींना आधार देणाऱ्या सच्छिद्र सांगाड्यात) पेरणं म्हणजे त्यांना उपाशी मारणं. केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या (०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या) आत असलेल्या पेशीलाच पुरेसा ऑक्सिजन मिळतो. १० मिलिमीटरच्या ठोकळ्याचा मध्य कडेपासून ५ मिलिमीटरवर असतो आणि नव्या रक्तवाहिन्या दिवसाला जेमतेम काही दशांश मिलिमीटर आत सरकतात. म्हणजे दोन-तीन आठवडे गेले. तोवर आतल्यांनी जगायचं कशावर?

त्यापेक्षा ३०० मायक्रॉनच्या वरची छिद्रं असलेला कॅल्शियम फॉस्फेटचा स्कॅफोल्ड घ्या, रक्त दिसेपर्यंत हाडाची कड खरवडा आणि फिक्सेशन (प्लेट-स्क्रूने हाड जखडणं) घट्ट करा. रुग्णाच्या पेशी आपल्या पायांनी येतात. फक्त छिद्रांना जोडणाऱ्या वाटा तपासा. छिद्र ५०० मायक्रॉनचं आणि मधली वाट ३० ची असेल तर रक्तवाहिनी उंबरठ्यावरच अडते.

पेट्रीडिश
हिशेब बरोबर, आरोपी चुकला. अस्थिमज्जेतल्या या पेशी जवळजवळ शून्य ऑक्सिजनमध्येही बरेच दिवस तग धरतात, ग्लुकोज असेल तर. ते संपलं की मरतात. म्हणून ग्लुकोज हळूहळू सोडणारं जेल सोबत देण्याचे प्रयोग चालू आहेत.

दुसरं, पेरणीच धड होत नाही. कोरड्या स्कॅफोल्डवर वरून थेंब सोडला की छिद्रांतली हवा द्रवाला आत जाऊ देत नाही, पेशी वरच्या थरात अडकतात. मग स्थिर माध्यमात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) दोन आठवडे ठेवलं की बाहेर पेशींची साय धरते आणि गाभा रिकामा. आधी निर्वातात हवा काढून स्कॅफोल्ड माध्यमाने भिजवा, मग पेशींचं द्रावण संथपणे आरपार, उलटसुलट फिरवा. इतकं केल्यावर निकाल वाईट आला तर पेशींना दोष द्या.

आणि ‘आपल्या पायांनी येतात’ म्हणे! रेडिएशन घेतलेल्या जबड्यात येणार कोण?

सच्छिद्र
तिथे पेशींइतकाच रक्तपुरवठाही गेलेला असतो. तुमच्या पेशी तर तिथे आणखी लवकर मरतील. अशा जागी रक्तवाहिनीसकट काढलेलं फिब्युलाचं (पोटरीतलं बारीक) हाड बसवतात, ते उगाच नाही.

तिसरा पॅसेज
दोघेही ‘मूलपेशी’ हा शब्द सैल वापरताय. २००६ च्या निकषांनुसार सीडी ७३, ९० आणि १०५ ही पृष्ठभागावरची ओळखीची प्रथिनं किमान ९५ टक्के पेशींवर दिसले, पेशी प्लॅस्टिकला चिकटल्या आणि त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी या तिन्ही प्रकारच्या पेशी बनल्या की शिक्का मिळतो. तो शिक्का बशीतला. शरीरात हाड किती धरेल हे त्यातून कळत नाही. या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणाऱ्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच पुढे ते बदला म्हणून सांगितलं: या पेशी ऊती बनवण्यापेक्षा संकेत सोडण्याचं काम जास्त करतात.

खरी मूलपेशी मोजून दिली तर काय होतं ते डोळ्यात पाहा. भाजलेल्या कॉर्नियासाठी लिंबसचा (कॉर्नियाच्या कडेचा) १ ते २ चौरस मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) पडद्यावर वाढवून लावतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात, वसाहत धरणाऱ्या पेशींपैकी ३ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये पी६३ (मूलपेशीची खूण असलेलं प्रथिन) ठळक असेल तर ७८ टक्के रुग्णांत यश, त्याखाली फक्त ११ टक्के. एकूण पेशी किती, याने तिथे काम भागत नाही.

सच्छिद्र
मान्य, पण तो पडदा पातळ. माझा मुद्दा जाडीचाच होता.

पेट्रीडिश
पेशी नकोत म्हणणारे शेवटी बीएमपी-२ या हाड वाढवणाऱ्या प्रथिनाकडे वळतात. कोलॅजन स्पंजात मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम, शरीरातली पातळी नॅनोग्रॅमच्या घरातली. स्पंज त्यातला बराचसा वाटा सुरुवातीलाच सोडून देतो. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याने अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेला २००८ मध्ये इशारा द्यावा लागला. जिवंत पेशी निदान थोडं थोडं सोडते.

उगाच एक
स्कॅफोल्ड विरघळतो कसा, यावर कुणीच बोलत नाही. ५०:५० पीएलजीए (शरीरात विरघळणारं प्लॅस्टिक) महिना-दोन महिन्यांत जातं, पण जाड ठोकळ्यात विघटनातून निघणारं आम्ल आतच साठतं, तेच विघटन वाढवतं आणि गाभा आधी पोकळ होतो. पेशी असोत वा नसोत, आत आंबट डबकं. पीसीएल हे तसंच दुसरं प्लॅस्टिक दोन वर्षं सहज टिकतं, पण ६० अंशांना वितळतं, म्हणून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं) बाद. मग कुणी ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून ‘निर्जंतुक’ म्हणतं. जिवाणूंचे टणक बीजाणू त्यात मजेत राहतात.

सच्छिद्र
म्हणूनच कॅल्शियम फॉस्फेट म्हणालो.

पेट्रीडिश
जे खडूसारखं मोडतं. मांडीच्या हाडात घातलंत तर प्लेट कधी काढणार, तेवढं सांगा.