पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे

ख्रिस्ती श्रद्धेतलं पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, हे पुनर्जन्माचंच दुसरं नाव, असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. पुनर्जन्मात आत्मा नवं शरीर घेतो. पुनरुत्थानात पुरलेलं शरीरच पालटून उठणार, तेही एकदाच. बायबलमध्ये, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 15व्या अध्यायात दाण्याचा दाखला आहे. शाळू पेरणाऱ्या मराठवाड्याला तो समजवावा लागत नाही: मातीत जातो उघडा दाणा, वर येतं हिरवंगार ताट.

म्हणून तर ख्रिस्ती माणूस वारला की 'प्रभूमध्ये झोपी गेला' म्हणतात. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला ठेवून पुरायची जुनी रीतही त्यातलीच. उठताना तोंड उगवतीला हवं.