मदत हवी आहे : बायकांच्या नाटकाचं मानधन समितीला कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी यंदा जत्रेला स्त्रियांच्या व्यावसायिक संस्थेचं नाटक आणायचा विचार आहे. लेखिका, दिग्दर्शिका, प्रकाशयोजना, सगळं बायकांचंच. मानधनाचा आकडा ऐकून समितीतले एक काका म्हणाले, "बायकांचंच नाटक की ओ, साडी-नारळ देऊन ओटी भरू!" फार लागलं ते मला.

मी त्यांची तालीम बघून आलेय. एका वाक्यानंतरचा थांबा जमेना, तर दिग्दर्शिकेनं तेवढाच प्रसंग सात वेळा करून घेतला. दिवे सांभाळणारी बाई गुडघ्यांवर बसून एकेक वायर फळीला चिकटवत होती, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. त्यांचं पोट आहे यावर.

संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचं 'शाकुंतल' आलं, तेव्हा स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. पुढे हिराबाई पेडणेकरांनी 'संगीत दामिनी' लिहिलं, हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन स्वतःची नाटक कंपनी चालवली. एवढी वाट चालून आलेल्यांची आपण ओटी भरून बोळवण करायची?

निपाणी, चंदगड, बेळगाव भागात कुणी असा प्रयोग लावलाय का? मानधन, नेपथ्याचा टेम्पो, मुक्काम, ध्वनी-प्रकाश असा खर्च वेगवेगळा मांडला तर समितीला पटतो का? तिकीट ठेवावं की देणगीदार गाठावेत? आणि रात्री उशिरा प्रयोग संपल्यावर कलाकार बायकांच्या राहण्याची सोय तुम्ही कुठे केलीत? रविवारी बैठक आहे, त्याआधी सांगा.