पाच लाखांचं कार्ड ठीक, पण रोजच्या गोळ्यांचं काय?

खाडीकाठचा:
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या सरकारी विम्यात, घरटी दीड लाखाचे पाच लाख झाले, 1 जुलै 2024 पासून पांढरं रेशनकार्ड पण चालतं, चांगलं झालं. पण गरिबासाठी अजून वाढवायचं असेल तर आता रक्कम नको, ओपीडी (दाखल न होता होणारी तपासणी) आणि गोळ्या आत घ्या. आमच्या वाडीत एक काकी आहेत, मासे विकतात, बीपी-शुगर दोन्ही. जून-जुलैत होड्या वर ओढल्या की हातात पैसा नाही, मग गोळी एक दिवसाआड. उद्या अ‍ॅटॅक आला की योजना लाखाचं पॅकेज द्यायला तयार, आज महिन्याच्या गोळ्यांना मात्र एक पैसा नाही, हे मला पटतच नाही.

घाटमाथा:
नाही पटलं. ओपीडी विम्यात घातली की गल्लोगल्ली बिलं फाडत बसतील, तपासणार कोण? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरपासून सगळं मोफत आहे, मग काकींच्या गोळ्या पीएचसीतच (प्राथमिक आरोग्य केंद्रातच) मिळायला हव्यात. तिथे डॉक्टर आणि औषधं भरा. विम्याचा पैसा कोल्हापूर-मुंबईच्या खासगी हॉस्पिटलांकडे जातो, आपल्याकडे खाट काय वाढत नाही.

काजूवाली:
घाटमाथा, तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून बोलताय. आईची अँजिओप्लास्टी झाली, केशरी कार्ड होतं, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राने (योजनेचा मदतनीस) कागद बघितले, फॉर्म भरला आणि बिल शून्य. योजना नसती तर काजूची कलमं विकायला लागली असती, ती बाबांनी स्वतः लावलेली. फक्त पावसात रात्री गाडी करून घाट चढलो त्याचे पैसे, आणि आम्ही दोघं आठ दिवस तिकडे राहिलो, जेवलो, मजुरी बुडाली, ते सगळं उसनं. वाढवायचं तर ते वाढवा.

घाटमाथा:
ताई, आई बऱ्या झाल्या हेच मोठं, योजना बंद करा असं मी म्हणतच नाहीये. पण तुम्हाला रात्री घाट चढायला लागला हेच तर माझं म्हणणं आहे ना! जवळ कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती जागा) असती तर गाडीचे पैसे मागायची वेळच आली नसती. नवीन रुपया जिल्ह्यात घाला.

खाडीकाठचा:
घाला की, नको कोण म्हणतंय. पण कॅथलॅब उभी राहायला वर्षं जातात आणि पीएचसीतली गोळी मोफत असली तरी काकींना तिथे जायला आधी होडीने खाडी ओलांडायची, पुढे रिक्षा, सकाळचा बाजार गेला. आणि एवढं करून गेल्या महिन्यात शुगरची गोळी संपली होती, बाहेरून घ्या म्हणाले. अशा वेळी कार्ड दाखवून नाक्यावरच्या मेडिकलात ती मिळाली तर बिघडलं कुठे? बिलांची भीती असेल तर बीपी, शुगर, फिट्स एवढ्याच गोळ्यांची यादी करा, दर सरकारने ठरवा, महिन्याला एकदाच द्या.

घाटमाथा:
यादी आणि ठरलेला दर असेल तर थोडा विचार करता येईल. पण पीएचसीत गोळी का संपली हे आधी विचारा, नाहीतर उद्या तिथे कोणी औषध मागवणारच नाही, मेडिकल आहेच म्हणतील.