वीस तारखेनंतर ओढाताण ठरलेली, घरखर्चात नेमका कुठे हात आखडायचा?

महिनाअखेर:
नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण, कमावते दोघं, तरी वीस तारीख उलटली की ओढाताण सुरू. दिवे बंद करा पंखा बंद करा असं दिवसभर ओरडून माझा घसा बसलाय, मुलं मला आता मीटरच म्हणतात, पण बिलात फरक म्हणाल तर काही दिसेना. किराणा ऑफर बघूनच आणते, बाहेरचं खाणं पण कमी केलंय. घरभाडं आणि शाळेची फी यांना हात लावता येत नाही, ते सोडून बाकी कुठे वाचेल? आणि प्लीज "गरज आणि चैन यातला फरक ओळखा" छाप सल्ला नको, तो भरपूर ऐकून झालाय. सासूबाईंचा आणि मुलांचा मूड न घालवता जमलं तर फारच बरं :)

वायरमनची_लेक:
ताई, दिव्यांचा पिच्छा सोडा आधी. हिशेब असा की १००० वॅटची वस्तू तासभर चालली की १ युनिट पडतं. ९ वॅटच्या एलईडी बल्बला १ युनिट जाळायला शंभरावर तास लागतात, २००० वॅटचा गिझर तेच काम अर्ध्या तासात करून मोकळा होतो! त्यामुळे जे काही तापवतं (गिझर, इस्त्री, हीटर, ओव्हन) आणि जे चोवीस तास चालू असतं, त्या दोन्हींकडे बघा, बाकी किरकोळ आहे. साठवणीचा गिझर असेल तर आंघोळी एकामागोमाग उरकायच्या, नाहीतर मधल्या वेळात टाकीतलं पाणी निवत राहतं आणि तो परत परत तापवत बसतो. वॉशिंग मशीनचं पण तेच, गरम पाण्याच्या प्रोग्रामला बरीचशी वीज पाणी तापवण्यात जाते, कपडे फिरवायला फार लागत नाही, रोजचे कपडे गार पाण्यात निघतात.
चोवीस तासवाल्यात पहिला फ्रीज. दाराच्या फटीत कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज सुटून आला तर तिथलं रबर नीट बसत नाहीये म्हणजे गार हवा बाहेर जातेय. चारी बाजूंनी बघा. मग सेटटॉप बॉक्स, टीव्ही बंद केला तरी हा जागाच असतो, १० वॅट जरी धरले तरी महिन्याला ७ युनिटं झाली. आणि जुना पंखा ७५ वॅटचा असतो, रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिटं, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास घेतो म्हणजे ११ युनिटं. पण सगळे पंखे बदलत बसू नका हं, जो रात्रभर चालतो तेवढाच, पाहुण्यांच्या खोलीतला बदलून पैसे वसूल व्हायला जन्म जाईल.

पिशवी_विसरले:
ऑफर बघून आणते म्हणालात तिथेच मला शंका आली. ऑफरची किंमत बघू नका, किलोला किंवा लिटरला किती पडतं ते बघा, मोबाईलवर भागाकार करायला काय लागतं. मोठा पॅक स्वस्तच असतो असं अजिबात नाही, आणि कंपन्या किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करतात, पाकीट तसंच दिसतं म्हणून आपल्या लक्षातच येत नाही.
आणखी एक, 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' या तारखा वेगळ्या आहेत. बेस्ट बिफोर म्हणजे चव, कुरकुरीतपणा तिथवर चांगला राहील एवढंच, नीट ठेवलेली बंद वस्तू दुसऱ्या दिवशी लगेच विष होत नाही. यूज बायची तारीख मात्र पाळायचीच, तिथे काटकसर नको. आमच्याकडे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात एक डबा असतो, त्यावर "आधी हे संपवा" चिकटवलंय. सासूबाईंनी पहिले चार दिवस नाक मुरडलं, आता त्याच सगळ्यांना विचारत फिरतात की डब्यातलं कोणी घेतलं का म्हणून.

रोकठोक:
माफ करा पण दात कोरून पोट भरत नाही. युनिटं आणि डबे राहू देत बाजूला, आधी बँकेचं अख्ख्या वर्षाचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं नको, कारण वर्षातून एकदा कापले जाणारे पैसे त्यात दिसतच नाहीत. आपोआप कटणाऱ्या प्रत्येक रकमेवर खूण करा आणि घरात विचारा हे कोण वापरतं. फुकट ट्रायल घेऊन पडलेली अ‍ॅप्स, दोघांच्या फोनवर वेगवेगळं घेतलेलं एकाच कंपनीचं क्लाउड स्टोरेज, कोणी उघडत नाही तो ओटीटी, हे बंद केलं तर कुणाचा मूड जात नाही कारण कुणाला पत्ताच लागत नाही. आणि क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल न भरता नुसतं 'मिनिमम ड्यू' (किमान रक्कम) भरत असाल तर सगळ्यात आधी ते थांबवा, उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं आणि बऱ्याच कार्डांवर नवीन खरेदीला पण बिनव्याजी मुदत मिळत नाही. तिथे भोक असेल तर गिझरचं बटण दाबून काय होणार.

वायरमनची_लेक:
@रोकठोक तुमचं पटतंय, पण सबस्क्रिप्शन एकदा बंद केलं की विषय संपला, वीज पाणी रोजचं आहे, दोन्ही करा की. पाण्यावरून आठवलं, मीटरवर पाणी असेल तर फ्लशची टाकी तपासा. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकायचे, अर्धा तास फ्लश करायचा नाही, भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. आवाज होत नाही म्हणून महिनोन्महिने कळत नाही.

महिनाअखेर:
सगळ्यांना खूप थँक्यू! स्टेटमेंट उघडलं, मुलाच्या गेमचं एक सबस्क्रिप्शन सापडलं जो गेम तो कधीच सोडून बसलाय, ते आजच बंद केलं. कागदाची टेस्ट पण केली, वरच्या बाजूला घट्ट आहे पण बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात कागद नुसता हात लावला तरी निघतो. ह्यांचं म्हणणं आता नवीनच फ्रीज घेऊ.

वायरमनची_लेक:
अहो थांबवा त्यांना! रबराच्या खाचेत चिकट मळ बसलेला असतो, कोमट साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून आधी तो काढा. तरी ढिलं वाटलं तर हेअर ड्रायरची हलकी गरम हवा द्या, लांबूनच, रबर मऊ पडलं की बोटांनी दाबून आकारात आणा आणि दार लावून ठेवा. फाटलंच असेल तर नुसतं रबर बदलून मिळतं, फ्रीजचा मॉडेल नंबर बहुतेक आतल्या बाजूच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो घेऊन जा.