44 नंबरच्या आधीचा सिंग

अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा खरा इतिहास जिम ब्राउनपासून सुरू होतो, असं कुणीतरी लिहिलंय. संघाच्या 44 नंबरच्या नामांकित जर्सीपुरतं ठीक आहे. ब्राउन, मग 1961 साली हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू अर्नी डेव्हिस, मग फ्लॉइड लिटल, ही ओळ तोडीस तोड आहेच. पण ब्राउनच्या वीसेक वर्षं आधीचा विल्मेथ सिदात-सिंग कसा काय विसरलात?

आडनाव बघून आपल्यातला वाटतो, पण तो जन्माने आफ्रिकन-अमेरिकन. सावत्र वडील भारतीय डॉक्टर, त्यांनी त्याला दत्तक घेतलं. पेपरवाले त्याला बिनदिक्कत 'हिंदू' म्हणायचे, आणि विद्यापीठानेही ते सोयीस्करपणे चालू दिलं. 1937 मध्ये मेरीलँड विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी एका पत्रकाराने खरी गोष्ट छापली. झालं! कृष्णवर्णीय खेळाडू समोर नको म्हणून मेरीलँडने हरकत घेतली आणि सिरॅक्यूजने मुकाट्याने त्याला बाकावर बसवलं. सामना 13-0 ने गेला. पुढच्या वर्षी मेरीलँडविरुद्धच सिरॅक्यूजच्या मैदानावर तो खेळला, तेव्हा स्कोअर होता 53-0, या खेपेला सिरॅक्यूजच्या बाजूने.

पुढे तो टस्कीगीच्या वैमानिकांत (दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तुकडीत) गेला आणि 1943 मध्ये सरावाच्या उड्डाणात ह्युरन सरोवरात बुडाला. वय 25.