पळणारे आणि सायकलवाले: एकाच रस्त्यावरचे तुमचे अनुभव लिहा

हिमरूशाल (छत्रपती संभाजीनगर):
आज पहाटे दौलताबाद रोडला सायकलवर होते. पुढे एक मुलगी पळत होती, दोन्ही कानांत इअरफोन. लांबून घंटी वाजवली, तिला गेलीच नाही ऐकू. वेग कमी करून जवळ गेले आणि "ताई, उजवीकडून येतेय" म्हणाले, तर ती दचकली आणि नेमकी उजवीकडेच आली. ब्रेक लागला म्हणून वाचलो दोघी. ती बिचारी सॉरी सॉरी म्हणत होती आणि माझे हात थरथरत होते, कारण मला २०१७ चा डिसेंबर आठवला.

तेव्हा मी सायकल चालवत नव्हते, पळत होते. रस्ता हाच. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य वर यायला सात वाजतात, आम्ही साडेपाचलाच बाहेर पडायचो. मी डाव्या कडेने, कानात गाणी. समोर खड्डा दिसला म्हणून मागे न बघता एक पाऊल उजवीकडे टाकलं. मागून सायकल येत होती. हँडल माझ्या कोपराला लागलं आणि तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत खांद्यावर पडला. बूट पेडलमध्ये अडकलेले, त्यामुळे सायकलसकट आडवा. मला नुसतं खरचटलं, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. रस्त्यावर बसल्या बसल्या तो एवढंच म्हणाला, "ताई, मी दोनदा आवाज दिला होता." रागाने नाही म्हणाला. म्हणूनच ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

पुढे गुडघ्यामुळे पळणं सुटलं, सायकल घेतली. पळताना वाटायचं, सायकलवाल्याला थांबायला काय लागतं! सायकलवर बसल्यावर कळलं की ताशी २५ ने जाताना सेकंदाला सात मीटर मागे पडतात. पुढचा माणूस एक पाऊल सरकला तर तेवढ्या वेळात ब्रेकवर बोटं जातात, बस.

दोन्हीकडचे अनुभव लिहा. खूप नवीन मुलंमुली रस्त्यावर उतरतायत, त्यांना आधीच कळू दे.

अंबाजोगाईची_मी:
वाचून काटा आला अंगावर. त्या दादांचं पुढे काय झालं?

हिमरूशाल:
दीड महिना हात झोळीत होता. मी एकदा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईने आधी माझं कोपर बघितलं, आतून हळद आणली आणि स्वतः लावली. मी रडले तिथे. ते पुन्हा सायकल चालवतात, रस्त्यात दिसले की लांबूनच हात करतात.

लातूर_ते_कुठेही:
ताई, "उजवीकडून" म्हणायचं नाही. मी हे तीन वेळा पडता पडता शिकलो. माणूस दचकला की त्याला फक्त "उजवीकडे" एवढाच शब्द ऐकू जातो आणि तो तिकडंच जातो. मी आता नुसतं "दादा, सायकल!" असं लांबून म्हणतो. जवळ जाऊन ओरडलं तर उपयोग शून्य. पंधरावीस मीटरवरून एकदा, मग थोडं थांबून परत. समोरच्याची मान वळली किंवा हात वर झाला की मगच पुढं निघायचं, तेही हात पसरला तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवून. मान नाही वळली तर त्याला ऐकू आलेलं नाही असंच समजायचं. वेग पळणाऱ्याएवढा करायचा, रस्ता मोकळा होईपर्यंत मागं मागं जायचं. दहा सेकंद जातात. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तास मिळतात, त्यात दहा सेकंदांनी कुणाचं काही अडत नाही.

घंटीचंही सांगतो. महाग सायकल घेतली की लोक घंटी काढून टाकतात, वजन वाढतं म्हणे. आमच्या ग्रुपात घंटी नसेल त्याला पुढं जाऊ देत नाहीत.

भरती_२ऱ्यांदा (बीड):
आमच्या गावात ग्राउंड नाही. पोलीस भरतीला १६०० मीटर असतं, गोळा असतो, १०० मीटर असतं. आम्ही सहा पोरं रोज पाचला डांबरी रोडच्या साइडपट्टीवर पळायलोत. साइडपट्टी म्हणजे मुरूम अन् बाभळीचे काटे, म्हणून सगळे डांबरावर येतात. सायकलवाल्याची भीती नाही वाटत, उसाच्या ट्रॅक्टरची वाटते. दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, ऊस बाहेर लोंबायलेला. मागच्या सीझनला एका ट्रॉलीच्या उसाचं टोक दोस्ताच्या कानाला घासून गेलं.
सायकलवाले दूधवाले काका आहेत एक. किटल्यांचा आवाज येतो आधी, तरी ते "पोरांहो, आलो रे" म्हणतातच. त्यांचा आवाज आला की आम्ही सहाच्या सहा एका लायनीत होतो.

गोदाकाठ (नांदेड):
भावा, अभ्यास अन् पळणं दोन्ही चालू ठेव, होतंय यंदा.

सीताफळ:
बीडच्या पोरांनो, अविनाश साबळे तुमच्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला रौप्य. ८ मिनिटं ११.२० सेकंद! केनियाचा पहिला आला तो फक्त पाच शतांश सेकंदांनी. त्या दिवशी आमच्या घरात टीव्हीपुढं कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे.

भरती_२ऱ्यांदा:
माहितीय की! मोबाइलच्या वॉलपेपरला तेच हायेत माझ्या.

परभणी_कृषी:
विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरायला येणाऱ्यांची जत्रा असते. चार बायका हातात हात घालून, मागे त्यांचे मिस्टर फोनवर, मधूनच पळणारे, त्यात सायकली. तिथे एक गोष्ट लक्षात आली, लोकांना आपली बाजूच माहीत नाही. फुटपाथ नसेल तर पायी माणसाने रस्त्याच्या उजव्या कडेने जायचं, म्हणजे येणारी गाडी तोंडासमोर दिसते. सायकल हे वाहन आहे, ती डावीकडूनच. दोघांनी एवढं पाळलं तर मागून धडक बसायचा प्रश्नच राहत नाही. पण पळणारे डावीकडे पळतात आणि सायकलवाले शॉर्टकटसाठी उलट्या बाजूने घुसतात. मग समोरासमोर. दोघांचे वेग बेरजेत धरा.

वळणावरचा:
परभणीकर, सरळ रस्त्याला बरोबर आहे. घाटात मात्र सारखं उजव्या कडेला चिकटून चालत नाही. वळण उजवीकडे असेल तर आतल्या बाजूने येणाऱ्याला आपण अगदी शेवटी दिसतो. दौलताबादकडून खुलताबादला चढताना मी अशा वळणाच्या आधीच थांबून, दोन्हीकडे बघून, बाहेरच्या बाजूला जातो. वळण संपलं की परत. आणि तिथला दिल्ली दरवाजा! तटबंदीतून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. तिथे पळायचं नाही, सायकलही चालवायची नाही. उतरा, गाडी जाऊ द्या, मग चालत पार करा.

सीताफळ:
दरवाज्याच्या अलीकडे सीताफळवाल्या बसतात ना, त्यांच्याकडून घेतलीत का यंदा?

वळणावरचा:
घेतली. दोन पाट्या. घरी आईने सगळा गर काढून ठेवला.

नुसतीच_वाचते:
एक सांगू का, कुणी वाईट वाटून घेऊ नका. मी एकटी पळते, पहाटे. अंधारात मागून चेनची बारीक खरखर येते आणि माणूस काहीच बोलत नाही, तेव्हा माझ्या मनात अपघाताचा विचार येत नाही, दुसराच येतो. पोटात गोळा येतो. तो पुढे निघून जातो, त्याला कळतही नाही. परवा एकजण पुढे जाताना "गुड मॉर्निंग ताई, सायकल आहे" म्हणून गेला, मी पुढचे दोन किलोमीटर किती हलकी पळाले! घंटीपेक्षा माणसाचा आवाज चांगला. आणि शेजारी सायकल घालून "रोज येता का" असलं विचारत सोबत यायचं नाही. पुढे निघून जा.

हिमरूशाल:
हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी बाई असूनसुद्धा सायकलवर बसल्यावर हे विसरले होते.

अंबाजोगाईची_मी:
+१. अगदी हेच.

लातूर_ते_कुठेही:
ताई, खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. ग्रुपवर टाकतो आज. दहाबारा जण एकदम मागून येतात आमचे, ते तर अजूनच वाईट वाटत असेल.

गोदाकाठ:
कुत्र्यांचं कुणीच बोलंना! विष्णुपुरीकडं जाताना एक टोळी आहे. सायकल दिसली की मागं लागतात, सायकलवाला जीव घेऊन पायडल हाणतो, अन् कुत्रे मग शेजारच्या पळणाऱ्यावर. माझ्या पोटरीला दात लागले ते असेच, पाच सुया घेतल्या. सायकलवाल्यांना हात जोडून विनंती, पळवू नका. उतरा, सायकल मधी धरा, हळू चालत जावा, कुत्रं थांबतंय. पळणाऱ्यानं पण थांबायचं, पाठ दाखवायची नाही.

धाराशिवकर:
आमच्याकडं कोजागरीच्या आधी सोलापूर-तुळजापूर रस्ता रात्रभर माणसांनी भरलेला असतो. अनवाणी चालतात, पोरं खांद्यावर, काहीजण डांबरावरच झोपलेले. मी एका वर्षी हौसेनं सायकल घेऊन गेलो होतो. पाव किलोमीटर पण चालवली नसेल, पूर्ण वाट हातात धरून चाललो. एका आजीनं विचारलं, "लेकरा, सायकल आजारी हाय का?" तिला म्हणलं नाही आजी, तुम्ही चालायल्यात म्हणून. तिनं पिशवीतनं चुरमुरे दिले.

वॉर्ड_नंबर_चार:
नर्स आहे, ड्यूटीला निघालेय, पटकन लिहिते. कुणी पडलं तर हाताला धरून ओढून उठवू नका, सगळे तेच करतात. मान दुखते का, हातापायाची बोटं हलतात का, आधी विचारा. पोटरीएवढी जखम दिसते म्हणून तिकडे बघत बसतात आणि डोक्याला लागलंय ते कळत नाही. हेल्मेट फुटलं असेल, उलटी झाली, तोच प्रश्न परत परत विचारायला लागला, तर "ठीक आहे मी" म्हणाला तरी घरी पाठवायचं नाही. १०८ लावा. आणि मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून लोक निघून जातात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. थांबा हो माणसाजवळ.

शाळेची_आई (जालना):
गावातल्या पोरी सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलींवर शाळेत जातात. नवी सायकल, सीट उंच, पाय जमिनीला टेकत नाहीत, दप्तर पाठीला. सकाळच्या शाळेला त्या आणि पळणारे एकाच वेळी रस्त्यावर. माझी मुलगी समोरून पळत येणारा घोळका बघून घाबरली आणि चारीत गेली. लागलं नाही फारसं, गुडघा फुटला. पळणाऱ्या मुलांनीच सायकल वर काढली, हँडल सरळ करून दिलं. चांगली होती पोरं. फक्त घोळक्याने पूर्ण रस्ता अडवू नका रे.

बॅटरीवाला:
पुढचा लाइट जमिनीकडे झुकवा!! समोरून पळत येणाऱ्याच्या डोळ्यात ते पांढरं झळकतं, त्याला पुढचे दहा पावलं खड्डा दिसत नाही. मागचा लाल चालूच ठेवा.

गोदाकाठ:
आणि थुंकताना मागं बघा. एवढंच.

भरती_२ऱ्यांदा:
बॅटरीवाले दादा, आम्हाला रिफ्लेक्टर जॅकेट परवडत नाही, सहा जण आहोत. दुसरं काय करता येईल?

बॅटरीवाला:
ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सामानाच्या दुकानात चमकणारी पट्टी मीटरवर मिळते, मागून चिकट असते. छातीपेक्षा घोट्याला, टाचेला लावा. पाय वरखाली होतात ना, ती हालचाल बघूनच लांबून ओळखू येतं की माणूस पळतोय. छातीवरची पट्टी दगडावर लावल्यासारखी दिसते. आणि काळ्या ट्रॅकपँटवर जुना पांढरा शर्ट घाला, तो सगळ्यांकडे असतो.

धाराशिवकर:
उरलेली पट्टी त्या उसाच्या ट्रॉल्यांना पण लावा रे, ड्रायव्हर चहाला थांबले की विचारून. नाही म्हणत नाहीत. मी चार ट्रॉल्यांना लावली आहे.

हिमरूशाल:
आज संध्याकाळी त्या सकाळच्या मुलीचा मेसेज आला, नंबर घेतला होता. उद्यापासून एकच कान, तोही बारीक आवाजात, असं म्हणतेय. मी तिला म्हटलं, मी पण "उजवीकडून" म्हणणार नाही.

भरती_२ऱ्यांदा:
दीड मीटर आणली, कात्रीने कापून सहा जणांच्या बुटाला मागून लावली. दोन तुकडे उरले. एक दूधवाल्या काकांच्या मागच्या किटलीला लावायचं ठरलंय, उद्या पाचला भेटल्यावर विचारतो त्यांना.