लष्करी मोहिमांचे नियोजन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता: तपासणी कशी करायची?

जिज्ञासू:
मोहिमांच्या नियोजनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली जातात, असे वाचनात येते. ही साधने स्वतः आराखडा तयार करतात, की अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या आराखड्यातील आकडेमोड तेवढी करतात? आणि यंत्राने सुचवलेला पर्याय योग्य आहे की नाही, हे कशाच्या आधारे तपासायचे?

रसद:
आकडेमोडीपुरते पाहिले तर यात नवे काही नाही. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्याने ‘डार्ट’ ही प्रणाली वापरली होती. एका वेळी ५०,००० पर्यंत वाहने, सामान आणि माणसे कोठून निघणार, कोणत्या मार्गाने जाणार आणि एकाच साधनावर दोघांचा दावा आला तर कोणाला आधी सोडायचे, याचा मेळ ती घालत असे. एरवी काही आठवडे खाणारे हे काम काही तासांत होऊ लागले. अशा उत्तराची तपासणी अवघड नसते, कारण जहाजाची क्षमता आणि बंदराचा धक्का मोजता येतो.

दुसरी बाजू:
शत्रूचा इरादा मात्र मोजता येत नाही, आणि आता यंत्राला त्याच प्रांतात नेले जात आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ‘थंडरफोर्ज’ प्रकल्पाचे काम स्केल एआय या कंपनीकडे सोपवले. त्यात कारवाईचे पर्याय सुचवणे आणि संगणकीय युद्धखेळांतून, म्हणजे संगणकावर लढाईची नक्कल करून, ते पारखणे अपेक्षित आहे. पर्याय सुचवणारी आणि ते पारखणारी अशा दोन्ही प्रणाली एकाच गृहीतकांवर उभ्या असतील, तर ती पारख म्हणजे परीक्षार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासणे होय. म्हणून प्रत्येक पर्यायासोबत त्यामागची गृहीतके, वापरलेली माहिती किती जुनी आहे आणि कोणते गृहीतक चुकल्यास आराखडा कोसळेल, हे दिसलेच पाहिजे. ते न दाखवणारे साधन कितीही वेगवान असले तरी माझ्या मते निरुपयोगी आहे.

जिज्ञासू:
परंतु अंतिम मंजुरी माणसाचीच असते ना?

रसद:
मंजुरी असते, पण विचाराला अवधी असतो का? मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या ‘पॅट्रियट’ या क्षेपणास्त्रविरोधी प्रणालीने मित्रदेशाच्याच एका ब्रिटिश टॉर्नेडो लढाऊ विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले, हाताळणाऱ्यांनी ते ग्राह्य धरून मारा केला आणि विमानातील दोघेही मृत्युमुखी पडले. नियोजनात सुदैवाने इतकी घाई नसते. तरीही यंत्रामुळे वाचलेले तास फेरतपासणीसाठी राखून ठेवण्याचा लेखी नियम मुख्यालयाने केला नाही, तर वरिष्ठ त्याच तासांत पुढचा आराखडा मागतील.